टॉवर वाचवला, दिवा काढला, मग वाचवलं काय?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथपासून बरंच आत समुद्रात, एडीस्टोन नावाचे खडक आहेत. त्यांचा फोटो कधी बघितलात तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. एक उंच करडं दीपगृह उभं आहे आणि त्याच्या शेजारीच एक बुंधा आहे, मोठं झाड तोडल्यावर मागे उरतो ना अगदी तसा, फक्त दगडाचा. हा बुंधा म्हणजे जॉन स्मीटन या इंजिनिअरच्या दीपगृहाचा तळ, ज्याचा दिवा १७५९ मध्ये पहिल्यांदा लागला. वरचा टॉवर आता तिथे नाही, तो प्लिमथ शहरात समुद्राकाठच्या मैदानावर आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लोक ९३ पायऱ्या चढून वर जातात आणि समुद्र बघून खाली येतात.

आता मला सांगा, यातलं दीपगृह कुठलं? मैदानावरचा टॉवर, खडकावरचा बुंधा, की त्या बुंध्याशेजारी १८८२ पासून रोज रात्री लागणारा नवा दिवा?

हा शब्दांचा खेळ नाहीये. आज जगभरात किनाऱ्या-किनाऱ्यावर हाच प्रश्न सुटायचा राहिलाय. जहाजांकडे जीपीएस आलं, दिव्यांवरची माणसं गेली, मोठमोठी काचेची भिंगं उतरवून त्यांच्या जागी डब्याएवढा एलईडी दिवा गच्चीच्या कठड्याला लावला की काम झालं असं ठरलं, आणि मग उरलेल्या इमारतीचं करायचं काय यावर चर्चा सुरू झाली. हॉटेल करा, म्युझियम करा, विकून टाका, पाडून टाका. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की दीपगृह म्हणजे उंच, गोल, पांढरा टॉवर आणि तो टिकला म्हणजे वारसा टिकला. मला हे अजिबात पटत नाही. दीपगृह हे यंत्र आहे. टॉवर हा त्या यंत्राचा एक भाग, भिंग दुसरा, रात्री समुद्रावर फिरणारा उजेड तिसरा आणि आतली देखभाल करणारी माणसं चौथा. यातले तीन काढून एक ठेवलात तर तुम्ही जपलंय ते यंत्राचं टरफल.

हे का म्हणतो ते समजायला एडीस्टोनचाच इतिहास पुरेसा आहे, कारण त्या एका खडकावर माणसाने चार वेळा दीपगृह बांधलं आणि प्रत्येक वेळी आधीच्या चुकीतून शिकून बांधलं.

पहिलं हेन्री विन्स्टनलीचं. १६९८ मध्ये दिवा लागला. लाकूड आणि दगड, वर सज्जे, नक्षी, कोरीवकाम, एखाद्या श्रीमंताच्या बंगल्यावर शोभेल असा थाट. लाटेला धरायला जेवढे कोपरे मिळतील तेवढे त्यात होते. नोव्हेंबर १७०३ मध्ये इंग्लंडवर महाभयंकर वादळ आलं तेव्हा विन्स्टनली डागडुजीसाठी स्वतः तिथेच होता आणि सकाळी खडकावर ना दीपगृह होतं ना तो. दुसरं जॉन रडयार्डचं, १७०९ चं. हा माणूस रेशमाचा व्यापारी, पण त्याने जहाज बांधणारे सुतार हाताशी धरले आणि गुळगुळीत, वर निमुळतं होत जाणारं, लाकडी फळ्यांचं कवच असलेलं दीपगृह बांधलं. लाटेला धरायला काही ठेवलंच नाही. ते सेहेचाळीस वर्षं टिकलं, आणि समुद्राने नाही तर त्याच्याच दिव्याने त्याला मारलं, डिसेंबर १७५५ मध्ये वरच्या कंदिलाच्या खोलीत आग लागली आणि सगळं खालपर्यंत जळत आलं. तिथला रखवालदार हेन्री हॉल, वय ९४ वर्षं असं सांगतात, बादलीने वर पाणी फेकत होता तेव्हा छताचं वितळलेलं शिसं त्याच्या तोंडात गेलं. तो म्हणत राहिला की शिसं माझ्या पोटात गेलंय, कोणाचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी तो वारला तेव्हा डॉक्टरला त्याच्या पोटात शिशाचा गोळा सापडला. तो गोळा आजही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मग आला स्मीटन. त्याने पाहिलं की वादळात ओकचं झाड उभं राहतं कारण त्याचा बुंधा खाली पसरट असतो आणि वर जाताना आत वळत जातो. आज जगात कुठेही समुद्रातल्या दगडी दीपगृहाचं चित्र काढलं तर जी रेघ आपोआप येते, खाली रुंद आणि बाक घेत वर चढणारी, ती इथून आली. ती डोळ्याला छान वाटावी म्हणून नाहीये, लाट अंगावर आली की पायथ्याचं वजन टॉवरला धरून ठेवतं म्हणून आहे.

पण आकारापेक्षा मला त्याचे सांधे जास्त भारी वाटतात. सुताराने केलेला चांगला ड्रॉवर उघडून त्याचा कोपरा बघा, दोन फळ्या एकमेकीत अशा अडकवलेल्या असतात की एकीची टोकं पंख्यासारखी रुंद होत जातात आणि दुसरीच्या खाचेत बसतात, कितीही ओढा, सुटत नाहीत. डव्हटेल म्हणतात त्याला. स्मीटनने हाच सांधा ग्रॅनाइटमध्ये केला. एकेक चिरा एक-दोन टनांचा, बाजूच्या चिऱ्यात असा गुंतवलेला की तो आडवा निघूच शकत नाही, आणि खालच्या-वरच्या थरांमध्ये संगमरवराच्या खुंट्या, म्हणजे थर एकमेकांवर घसरूही शकत नाहीत. असे १४९३ चिरे. आणि हे सगळं भरतीच्या पाण्यात भिजत असताना जोडायचं म्हणजे पाण्याखालीही घट्ट होणारा चुना हवा, तो तेव्हा कुणाकडे नीट नव्हता, मग त्याने ठिकठिकाणचे चुनखडीचे दगड आणून भाजून बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचाच चुना पाण्यात धरतो. पुढे सिमेंटपर्यंत जी वाट गेली तिची सुरुवात इथली. म्हणजे आज आपण ज्या काँक्रीटच्या घरात बसून हे वाचतोय त्या घराचा एक धागा त्या खडकावरच्या २४ मेणबत्त्यांपर्यंत जातो. हो, त्या टॉवरमध्ये दिवा म्हणजे २४ मेणबत्त्याच होत्या.

आणि म्हणूनच १८७० च्या दशकात जेव्हा कळलं की टॉवर ठणठणीत आहे पण त्याच्या खालचा खडकच समुद्र कोरतोय, मोठी लाट आली की अख्खं दीपगृह हादरतंय, तेव्हा शेजारच्या खडकावर जेम्स डग्लसने नवं बांधलं आणि जुन्याचा वरचा भाग लोकांनी वर्गणी काढून शहरात आणला. मी या निर्णयाच्या विरोधात नाही. उलट मला तो फार समजूतदार वाटतो, कारण तिथे दिवा विझला नाही. खडकावर दिवा चालू राहिला आणि मग जुनं टरफल आदराने घरी आणलं. आज आपण करतोय ते नेमकं उलटं आहे, टरफल जागच्या जागी ठेवतोय आणि दिवाच काढून घेतोय.

टॉवर आणि दिवा वेगळे काढता येत नाहीत हे जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं ती जागा म्हणजे बेल रॉक. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत, ओहोटीला थोडा वेळ डोकं वर काढणारा आणि भरतीला पूर्ण बुडणारा खडक. इंजिनिअर रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या माणसांनी १८०७ मध्ये काम सुरू केलं ते दिवसातले जे काही दोनचार तास खडक उघडा असेल तेवढेच तास. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला आणि तो टॉवर आजही उभा आहे, समुद्राच्या लाटा थेट अंगावर घेणाऱ्या दीपगृहांमध्ये जगातला सगळ्यात जुना टिकलेला. त्याचा खालचा सुमारे नऊ मीटरचा भाग भरीव आहे, आत पोकळीच नाही, म्हणून दरवाजा तेवढ्या उंचीवर आहे आणि शिडीने चढून आत जावं लागतं. एखादा आर्किटेक्ट बघेल तर म्हणेल की दरवाजा असा हवेत का? कारण खाली दरवाजा ठेवला तर पहिलं वादळ तोच फोडून आत येईल. या इमारतीत एक गोष्ट अशी नाही जिचं उत्तर समुद्र किंवा दिवा यापैकी एक नाही.

फ्रान्सच्या आर-मेन दीपगृहाचं तर बांधकामच चौदा वर्षं चाललं, १८६७ ते १८८१. पहिल्या वर्षभरात मिळून खडकावर सात वेळा उतरता आलं, एकूण आठ तास काम झालं आणि पंधरा भोकं पाडून झाली. पंधरा भोकं! वर्षभरात!

असल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या खोल्या गोल. भिंत गोल म्हटल्यावर पलंगही भिंतीच्या बाकाने वळवलेला, ब्रिटिश खडकांवरच्या दीपगृहांमध्ये लोक अशा केळ्याच्या आकाराच्या पलंगांवर आयुष्यातली वर्षंच्या वर्षं झोपले, पाठीला बाक देऊन. तीन माणसं असायची, आणि तीनच का याच्यामागेही एक गोष्ट आहे. वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपगृहावर सुमारे १८०१ मध्ये दोनच रखवालदार होते, त्यातला एक वारला. दुसऱ्याला भीती की मृतदेह समुद्रात सोडला तर लोक म्हणतील यानेच मारला, दोघांचं पटत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्याने फळ्यांची पेटी केली, त्यात मृतदेह ठेवून बाहेर बांधला, आणि हवामानामुळे होडी येईपर्यंत कितीतरी दिवस एकट्याने दिवा लावत राहिला. त्यानंतर तिथे तीन माणसं ठेवायची पद्धत पडली. म्हणजे इमारतीत किती माणसं, किती पलंग, किती धान्य, हेसुद्धा दिवा विझता कामा नये या एका गोष्टीवरून ठरलेलं.

आता भिंगाकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरने १८२३ मध्ये त्याचं पहिलं मोठं भिंग फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहावर लावलं. त्याच्या आधी ज्योतीमागे चकचकीत तांब्याचे आरसे ठेवायचे आणि तरी बहुतेक उजेड वर-खाली-इकडेतिकडे वाया जायचा. एवढं मोठं एकसंध भिंग केलं तर काच इतकी जाड आणि जड होते की तिचा उपयोग राहत नाही. फ्रेनेलने काय केलं, तर भिंगाचा वाकवणारा पृष्ठभाग तेवढा ठेवला आणि मधली निरुपयोगी जाडी काढून टाकली, म्हणजे मध्ये एक गोल भिंग आणि त्याच्याभोवती कड्या कड्यांनी काचेचे लोलक, प्रत्येकाचा कोन वेगळा, प्रत्येक जण आपल्या वाट्याचा उजेड वळवून क्षितिजाकडे सरळ पाठवणार. पहिल्या, म्हणजे मोठ्या मापाच्या वर्गाचं भिंग अडीच मीटरपेक्षा उंच असतं.

मी एकदा एका जुन्या दीपगृहात अशा भिंगाच्या आत उभा राहिलोय. देखभालीसाठी एक दार असतं पितळेच्या चौकटीत, ते उघडून आत शिरायचं. आत शिरलं की आवाज कमी होतो, वारा बाहेर राहतो, आणि चहूबाजूंनी काच. मधल्या गोल भिंगातून बाहेर बघितलं तर समुद्र उलटा, वर पाणी आणि खाली आभाळ, आणि एक बोट आभाळाला पाठ लावून चाललेली. लोलकांच्या कडांना हिरवट झाक होती आणि एका लोलकाचा कोपरा उडालेला होता, शेंगदाण्याएवढा. ज्यांनी मला वर नेलं त्या गृहस्थांनी सांगितलं की हे कधीतरी हातातून पाना निसटून झालंय, त्यांच्या आधीच्या आधीच्या माणसाच्या वेळेला, आणि तेव्हापासून जो कोणी नवीन लागतो त्याला पहिल्या दिवशी हा कोपरा दाखवतात आणि सांगतात की इथे येताना खिशात काही ठेवायचं नाही. मग त्यांनी एक बोट चौकटीला लावलं आणि हलकंसं ढकललं, आणि काही टनांचं ते सगळं पितळ आणि काच आवाज न करता फिरायला लागलं, कारण खाली पाऱ्याचं कुंड होतं आणि भिंग त्यावर तरंगत होतं. दिवसा भिंगाभोवती पडदे लावलेले असायचे, कारण तेच भिंग उलट्या दिशेने सूर्य गोळा करतं आणि आत आग लागू शकते.

काही वर्षांनी पुन्हा गेलो तर वर काही नव्हतं. खोली रिकामी, मधल्या खांबाच्या जागी बोल्टची भोकं. बाहेर कठड्याला एक एलईडी दिवा, मनगटाएवढ्या जाड पाइपवर. भिंग कुठे आहे विचारलं तर खोक्यांत आहे म्हणाले. कुठल्या गोदामात, नंबर घातलेत का, परत जोडता येईल का, तर ते त्यांना माहीत नव्हतं. टॉवर मात्र नुकताच रंगवलेला होता. खाली फलक होता, वारसा इमारत.

त्या दिवशी मला कळलं की आपण वारसा हा शब्द किती आळसाने वापरतो.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कारण ते खोटं नाहीये. पारा विषारी आहे, त्याची वाफ बंद खोलीत श्वासातून आत जाते, आणि कामगारांच्या जिवापुढे कुठलाही वारसा मोठा नाही. पारा काढायलाच हवा, मला यात काहीच वाद घालायचा नाही. पण पारा काढणं आणि भिंग काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेच भिंग बेअरिंगवर बसवून छोट्या मोटरने फिरवता येतं आणि आत एलईडीचाच दिवा ठेवता येतो. थोडं जास्त काम आहे, थोडा जास्त खर्च आहे. पण होतं.

दुसरा मुद्दा, हा उजेड लागतोच कोणाला? आज कुठलाही कप्तान स्क्रीनवर बघतो. बरोबर. आयर्लंडच्या दक्षिण टोकाच्या फास्टनेट दीपगृहाचा पल्ला २०१८ मध्ये २७ सागरी मैलांवरून १८ वर आणला, तेव्हाही हाच हिशोब होता की इतका लांबचा उजेड आता कोणी शोधत नाही. यात तथ्य आहे. पण जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या जीपीएसने एकाच वेळी दाखवलं की आपण समुद्रात नाही, कित्येक किलोमीटर आत जमिनीवर एका विमानतळावर आहोत. कोणीतरी खोटे सिग्नल सोडले होते. त्यानंतरही असे प्रकार वेगवेगळ्या समुद्रांत होत आलेत. खिडकीतून दिसणाऱ्या दिव्याला असं फसवता येत नाही. मी असं म्हणत नाही की कप्तानांनी स्क्रीन फेकून द्यावी, पण जो दुसरा डोळा आपल्याकडे दोन-तीनशे वर्षं आहे तो फोडायची घाई कशाला?

आणि दिव्याची भाषा असते हे बरेच जण विसरतात. प्रत्येक दीपगृहाचा झपका वेगळा. कुठे पाच सेकंदांनी एकदा, कुठे दोनदा पटपट आणि मग मोठा काळोख. खलाशी हातात घड्याळ घेऊन सेकंद मोजायचा, दिव्यांच्या यादीत बघायचा आणि मग त्याला कळायचं की हा अमुक. अमेरिकेतल्या मिनट्स लेज दीपगृहाचा झपका १८९४ पासून एक-चार-तीन असा आहे आणि तिथले लोक तो आय लव्ह यू असा वाचतात, इंग्रजी शब्दांतल्या अक्षरांच्या संख्येवरून. तिथेच १८५१ मध्ये आधीचं लोखंडी खांबांवरचं दीपगृह वादळात कोसळून दोन तरुण सहायक मेले होते, त्याच जागेवर नंतर दगडाचं उभं राहिलं. दिवसासाठी ही भाषा रंगात लिहायचे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना किनाऱ्यावर केप हॅटरसला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पीळ, बॉडी आयलंडला आडवे पट्टे, केप लुकआउटला तिरके चौकोन. अंतरावरून एका नजरेत कळावं म्हणून. फिरणारं भिंग असताना किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो झोत भिंतीवरून, शेतावरून, पाण्यावरून सरकताना दिसायचा, आत्ता इथे, आता तिकडे, आता परत इथे. एलईडीचा दिवा लागतो आणि विझतो, बस. जहाजाच्या हिशोबात दोन्ही सारखेच, पण काठावर झोपणाऱ्या माणसासाठी नाहीत, आणि त्याच्याही उजेडाला काही किंमत असावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तो सगळ्यात वजनदार. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दीपगृहांचा खर्च मुख्यतः बंदरात येणाऱ्या जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो. आता जहाजमालक म्हणणारच ना, की मी सुरक्षिततेचे पैसे देतो, तुमच्या जुन्या काचेचे मी का देऊ? त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. आणि म्हणून दीपगृह खात्याचा अधिकारी जेव्हा भिंग उतरवायचा आदेश काढतो तेव्हा मी त्याला दोष देत नाही, त्याच्या वहीत त्या भिंगासाठी रकानाच नाही. माझं म्हणणं असं की तो रकाना दुसऱ्या वहीत उघडा. देवळं, किल्ले, राजवाडे ज्या सार्वजनिक पैशातून सांभाळतात त्यातून भिंगाची, त्याच्या मोटरची, त्याची काळजी घेणाऱ्या माणसाची सोय करा. दिवा किती लांब दिसायला हवा हे दीपगृह खातं ठरवेल, तो कशातून दिसेल हे ठरवताना वारसा खातं टेबलावर हवं आणि येताना त्याने पाकीट घेऊन यावं. आज ते टेबलावरच नसतं, टॉवर रिकामा झाल्यावर त्याला बोलावतात.

हॉटेलांबद्दल माझा राग नाही. लोक राहतील, पैसे येतील, छप्पर गळणार नाही. अमेरिकेत २००० साली कायदाच केला की तटरक्षक दलाला नको असलेली दीपगृहं आधी संस्थांना आणि गावांना फुकट द्यायची, कोणी घेतलंच नाही तर लिलाव. त्यातून कितीतरी टॉवर वाचले. कॅनडानेही २००८ मध्ये वेगळा कायदा केला. पण या सगळ्या व्यवहारांत एक अट पहिल्या पानावर असायला हवी, की भिंग जागेवर राहील आणि रात्री फिरेल. खाली कुठल्या खोलीत नाश्ता देतात याने मला काही फरक पडत नाही.

माणसाचा मुद्दा तर सगळे भावनिक म्हणून सोडून देतात, तो मला अगदी व्यावहारिक वाटतो. दीपगृहात माणूस होता तेव्हा शेगडी पेटायची, खिडक्या उघडायच्या-मिटायच्या, खारं पाणी आत आलं की त्याच दिवशी पुसलं जायचं. ब्रिटनमधलं शेवटचं माणसांचं दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झालं. माणूस गेल्यावर टॉवर थंड पडतो, आत दमट होतो, मिठाने प्लास्टर सुटतं, एखादी काच फुटली तर पुढच्या फेरीपर्यंत ती तशीच. दीडशे वर्षं समुद्राला पुरून उरलेल्या भिंती आतल्या ओलीने खराब व्हायला लागतात. स्वयंचलित करून पगार वाचला, पण तो पुढे दुरुस्तीच्या बिलात हळूहळू परत द्यावा लागतो.

कोर्दुआनकडे बघा. जिरोंद नदीच्या मुखाबाहेर समुद्रात, १६११ मध्ये पूर्ण झालेलं, आत राजासाठी दालन आणि वर प्रार्थनामंदिर, राजा कधीच राहायला आला नाही. पुढे १७८० च्या दशकाच्या शेवटी त्याच्यावर आणखी टॉवर चढवून उंची वाढवली, मग फ्रेनेलचं भिंग आलं. दिवा स्वयंचलित झाला, सरकारी रखवालदार गेले, पण तिथल्या सार्वजनिक संस्थेने स्वतःची माणसं नेमली आणि ती आळीपाळीने तिथे राहतात. दिवा चालू आहे. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. म्हणजे जमतं. एवढं अवघड, भरतीला पाण्याने वेढलेलं, चारशे वर्षं जुनं ठिकाण जर जमतं तर रस्त्याने गाडी जाते अशा ठिकाणी का जमू नये?

सगळंच वाचवता येणार नाही हेही मान्य. केप हॅटरस १८७० मध्ये बांधलं तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता, १९९९ पर्यंत तो जवळपास शंभर-सव्वाशे फुटांवर आला आणि मग ते अख्खं विटांचं दीपगृह रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत सरकवलं, तेवीस दिवस लागले, आणि दिवा परत लावला. डेन्मार्कचं रुबिएर्ग क्नूदे २०१९ मध्ये असंच ७० मीटर मागे नेलं, पण त्याचा दिवा १९६८ पासूनच बंद. आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं ऑर्फर्डनेस, १७९२ चं, त्याचा दिवा २०१३ मध्ये बंद केला, स्थानिक लोकांनी वाळू-गोट्यांच्या पिशव्यांची तटबंदी करून काही वर्षं समुद्र थोपवला आणि शेवटी २०२० मध्ये ते उतरवून घेतलं, कारण नाहीतर ते पाण्यात कोसळणारच होतं. तिथे मला काही तक्रार नाही. लोक शेवटपर्यंत लढले आणि मग त्यांनी ते हाताने खाली घेतलं. समुद्राने नेलेलं दीपगृह ही एक गोष्ट. फाइलवर सही करून आतून रिकामं केलेलं दीपगृह ही वेगळी.

म्हणून जिथे भिंग अजून वर आहे तिथे ते उतरवायचा कागद निघाला की आधी विचारा, पारा काढून बेअरिंगवर बसवायला किती लागतील, आणि तो आकडा जाहीर करा. जिथे उतरवलंय तिथे खोकी उघडा. लोलकांवर नंबर असतात, चौकटीवर कारखान्याच्या खुणा असतात, पण कुठला स्क्रू किती आवळायचा आणि भिंग फिरवणाऱ्या वजनाची चावी रात्री किती वेळा द्यायची आणि वाऱ्याच्या कुठल्या दिशेला कुठली झडप उघडायची, हे कागदावर फार कमी आहे, ते माणसांच्या हातात आहे. १९७० च्या सुमारास पंचविशीत कामाला लागलेले रखवालदार आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी मला तो उडालेला कोपरा दाखवला ते तेव्हाच निवृत्तीला आलेले होते. त्यांना अजून कोणी फोन केलेला नसेल तर तो या महिन्यात करायला हवा, आणि जमलं तर त्यांना घेऊन गोदामात जायला हवं.